वरचा बोल्ट, अर्धा फेरा

सोमवार, ३ ऑगस्ट

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पंचेचाळिशीला आलास, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी मी तुला बोकाच म्हणणार. मावशीचा हक्क आहे तो. काल फोनवर तुझं "मा... शी... कश..." एवढंच पोचलं, बाकीचं दरीत पडलं. म्हणून हे पत्र. सकाळी दूधगाडीवाला शहरातल्या टपालात टाकेल.

आमच्या परसातला खांब तुला आठवत असेलच. पलीकडचा कडा कोसळला त्या वर्षी शहरातल्या आपत्ती-निवारण ऑफिसवाल्यांनी आमच्यामागच्या उतारात दोन सळया पुरल्या, एक कॅमेरा लावला आणि परसात हा खांब उभा केला. त्यावरची तबकडी, तुझ्या भाषेत डिश, सतरा किलोमीटरवरच्या शहरातल्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसते. उतार किती सरकला याचे आकडे तिच्यातून ऑफिसात जातात, आणि आम्हा सगळ्यांचे फोनही तिच्यावरूनच चालतात. सरकला, तर साहेब तिकडे बटन दाबणार आणि इकडे खांबावरचा भोंगा वाजणार. मग आम्ही अकरा घरं पळणार. अशी ती योजना, फीत कापून सुरू केलेली.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता भोंग्याची चाचणी असते. आज तो अकरा वाजून वीस मिनिटांनी वाजला. मी घड्याळ हातात धरून परसात उभी होते. वीस मिनिटं, बोक्या! मागच्या महिन्यात चार होती. तक्रार केली, तर उत्तर काय, "ही तांत्रिक बाब आहे." चाळीस वर्षं मी इस्पितळाच्या औषधखान्यात उभी होते. झटका आलेल्या माणसाचं औषध वीस मिनिटं उशिरा देऊन मी "तांत्रिक बाब" म्हटलं असतं, तर नातेवाइकांनी मला खिडकीतून बाहेर काढलं असतं.

असल्या बिनतारी लिंकचीच तुझी नोकरी ना? मग सांग काय करायचं ते. तुझ्या आईपुढे बोलत नाही, पण मला भीती वाटते. पाऊस लागला की मी उताराकडे पाठ करून बसत नाही.

तुझी,
मावशी

ता.क. स्वयंपाकघराचं दार घासतंय. हवा दमट आहे. सुताराला निरोप धाडलाय, म्हणजे तो दिवाणखान्यात बसून आधी चहा पिईल आणि मग पुढच्या महिन्यात येईल.


गुरुवार, ६ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

पत्र वाचून इथे माझ्या ऑफिसात एकटाच हसलो आणि मग हसू थांबलं. घाबरू नकोस. लिंक हळू होण्याची कारणं दहा असतात आणि त्यातली नऊ साधी असतात.

दोन टोकांना दोन माणसं उभी आहेत असं समज. एक निरोप ओरडतो, दुसरा "पोचला" म्हणतो. "पोचला" ऐकू आलं नाही की पहिला तोच निरोप पुन्हा ओरडतो. एकाच निरोपाला पाच-पाच वेळा ओरडावं लागलं, की मागचे निरोप रांगेत तुंबतात. तुमचा भोंगा त्या रांगेत उभा होता. म्हणजे निरोप पोचतोय, पण धापा टाकत.

तिथल्या आपत्ती ऑफिसचा तंत्रज्ञ एकच आणि खांब सहा. तो पुढच्या महिन्यात येईल म्हणतात. तोवर तू तीन गोष्टी बघ. खांबाखालच्या पेटीवर चार हिरवे दिवे आहेत, त्यातले किती पेटतात? डिशमधून उतरणारी वायर कुठे सोलली आहे का, जोडावर पाणी साचलंय का? आणि डिशच्या समोर एखादं झाड वाढलंय का? नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही, रेघेभोवती ऐसपैस जागा मोकळी लागते. पानं ओली असली की आणखी अडवतात.

आईला नमस्कार. तिला सांग, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही.

तुझा,
बोका


सोमवार, १० ऑगस्ट

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

दिवे दोन. वायर ठणठणीत. जोडावरची टेप मी सोडवली, आतून कोरडी निघाली, पुन्हा गुंडाळली. हे सगळं तीन पायऱ्यांच्या शिडीवर चढून, तेही अडुसष्टाव्या वर्षी. तबकडी माझ्या डोक्याच्या हातभरच वर आहे, त्यामुळे कुणाला पराक्रम वाटणार नाही.

समोरच्या झाडाच्या दोन फांद्या आल्या होत्या. शेजारचे पेन्शनर मास्तर म्हणाले, "झाड तोडायला परवानगी लागते, बाई." मी म्हटलं, "मास्तर, दरड कोसळायला लागत नाही." मग तेच गुपचूप करवत घेऊन आले. फांद्या गेल्या, दिवे दोनाचे दोनच.

ताई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "लहानपणी आंब्यावर चढायची नाहीस, आता खांबावर चढ." मी म्हटलं, "तुझ्याच लेकाचा उपदेश आहे." तर म्हणते, "मग उतर. त्याला सायकलची चेन बसवता यायची नाही."

विनोद पुरे. काल दुपारी फोनवर आपत्कालीन नंबर लावून पाहिला. तिसऱ्यांदा लागला, आणि पलीकडची बाई मला "हॅलो, हॅलो, कोणीच बोलत नाही" म्हणून फोन ठेवून मोकळी झाली. मी बोलत होते, बोक्या. मी चांगली ओरडत होते.

तुझी,
मावशी


गुरुवार, १३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

वायर नाही, पाणी नाही, झाड नाही. मग उरतं ते डिशचं तोंड. सतरा किलोमीटरवर निशाणा असला की इथला केसभर फरक तिकडे इमारतीएवढा होतो. वाऱ्याने हलली असेल. पलीकडच्या टाकीवरची डिश मी ऑफिसला तपासायला लावली. ती जागची हललेली नाही. म्हणजे तुमचीच.

डिशच्या मागे दोन बोल्ट आहेत. खालचा डावी-उजवीकडे फिरवतो, वरचा वर-खाली. पाना घेऊन एका वेळी एकच, अर्धा फेरा फिरव आणि थांब. दहापर्यंत मोज. दिवा वाढला तर योग्य दिशा, कमी झाला तर उलट फिरव. चार दिवे लागले की कस. घाईने फिरवू नकोस. औषध मोजायचीस तसं.

ऑफिसातल्या साहेबांशी मी फोनवर बोललो. ते म्हणाले, पडद्यावर उताराची रेघ अगदी सरळ आहे, सळया जागच्या जागी आहेत. तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

बोका


सोमवार, १७ ऑगस्ट

चि. बोक्यास,
अनेक अनेक आशीर्वाद!

चार दिवे! शनिवारी सकाळी, वरचा बोल्ट, घड्याळाच्या दिशेने, अर्धा फेरा. एवढंच. तबकडीने हनुवटी जरा वर केली आणि पेटी झगमगली. अकराही घरांत फोन खणखणीत. मास्तरांनी मुलीशी पाऊण तास गप्पा मारल्या आणि नंतर मला सांगत बसले, "बाई, तुमचा हात गुणकारी." जणू मी आयुष्यभर तबकड्याच फिरवल्यात.

शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, मुलीला शिवण आणि प्रार्थना आली की पुरे. त्यांना हा पाना दाखवायला हवा होता.

काल रात्री मी दोन महिन्यांनी सलग झोपले. मूर्खपणा वाटतो, पण चार हिरवे दिवे बघून माणूस झोपतो.

दार मात्र आता मुळीच मिटत नाही. सुतार अजून चहाच्या विचारात आहे.

तुझी,
मावशी


गुरुवार, २० ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

शाब्बास! तुला आमच्या कंपनीत घेतो.

पुन्हा दिवे उतरले तर घाबरू नकोस. बोल्टाचा आटा जुना असला की वाऱ्याने डिश थोडी सैल पडते. तोच बोल्ट, तसाच अर्धा फेरा. फक्त एक कर, दर वेळी तारीख आणि फेरा वहीत लिहून ठेव. आमच्या कामात ही सवय सगळ्यांना असायला हवी आणि कुणालाच नसते.

आईने या खेपेला पत्राखाली दोन ओळी का नाही लिहिल्या? नेहमी माझं शुद्धलेखन काढते. बरी आहे ना?

बोका


मंगळवार, १ सप्टेंबर

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

उत्तर द्यायला उशीर झाला. आधी वही देते, कारण ती बरोबर आहे. दर वेळी वरचाच बोल्ट, घड्याळाच्या दिशेने, अर्धा फेरा.

१५ ऑगस्ट
२० ऑगस्ट
२४ ऑगस्ट
२७ ऑगस्ट
२९ ऑगस्ट
३१ ऑगस्ट
१ सप्टेंबर, म्हणजे आज सकाळी

दर वेळी चार दिवे आले. आज मात्र तीनच. बोल्ट आता जवळजवळ संपलाय, एक फेरा उरला असेल. नवा, लांब बोल्ट मिळतो का? तू म्हणालास आटा जुना आहे. मला तो तसा वाटत नाही. मी दर वेळी पूर्ण ताकदीने कसते, आणि पुढच्या वेळी तो तितकाच घट्ट मिळतो. सैल झालेला एकदाही सापडला नाही.

आता दुसरं. तुझ्या आईने शपथ घातली होती, ती मी मोडते. अकरा ऑगस्टलाच ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. उंबरा कधीपासून वर आलाय कोण जाणे, तीस वर्षं त्यावरून ये-जा केली आम्ही. खुब्याचं हाड मोडलं नाही, चिरलंय, असं फिरत्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. "बोक्याला कळवलंस तर तो नोकरी सोडून येईल आणि माझ्या उशाशी बसून घोरेल," म्हणाली. म्हणून लपवलं. रागावू नकोस.

परवा सुतार एकदाचा येतोय.

खरं सांगू? दिवे लागतात, पण आता मला झोप येत नाही. कशाची भीती वाटते तेही नीट सांगता येत नाही. सकाळी उठते आणि आधी पाना शोधते. हे शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे.

तुझी,
मावशी


शुक्रवार, ४ सप्टेंबर, पहाटे
शहरातला बसथांबा

मावशी,

वही काल दुपारी हातात पडली. वाचली आणि तसाच निघालो. वाटेत रात्रभर फोन लावला, तुमचा लागला नाही, ऑफिसात कुणी उचलला नाही. आता दूधगाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय, गाडीवाला घाई करतोय.

आता बोल्टाला हात लावू नकोस. घरातून बाहेर पड. आत्ता. सगळ्यांना बाहेर काढ.

बोल्ट सैल नाही. डिश हललेलीच नाही. सात वेळा अर्धा फेरा, सातही वेळा एकाच दिशेने, वर. वाऱ्याने हलली असती तर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. डिश नाही, मावशी, खांब दरीकडे झुकतोय. साडेतीन फेरे म्हणजे जवळपास पाच अंश. आणि खांब काँक्रीटमध्ये आहे, म्हणजे त्याच्याखालची जमीन झुकतेय. तारखांमधलं अंतर बघ. पाच दिवस, चार, तीन, दोन, दोन, एक.

लिंक हळू होणं हाच इशारा होता. मी तुला तो दर वेळी पुसायला लावला. मी शिकवलं, तू पुसलास, आणि मी शाब्बास म्हणालो.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं. साहेबांच्या पडद्यावरची सरळ रेघ. निम्मे आकडे वाटेतच हरवतात, आणि आकडा आला नाही की ती यंत्रणा मागचाच आकडा पुढे ओढते. मला हे तेरा तारखेलाच कळलं होतं. तुला घाबरवायला नको म्हणून लिहिलं नाही. लिंक नीट झाली की रेघही नीट होईल असं वाटलं.

आईला पाय टेकता येत नाही हे तू आधी लिहिलं असतंस तर मी तेव्हाच तिला घेऊन आलो असतो. राहू दे. मास्तरांना सांग, चौघं मिळून उचला.

मी गाडीत बसून वर यायला हवं. पण अकरा घरांना एकदम उठवणारी वस्तू भोंगा आहे आणि त्याचं बटन ऑफिसात आहे. गाडीवाल्याने घरोघर सांगितलं तर कोण ऐकेल? म्हणतील दूध दे आणि जा. ऑफिस दहाला उघडतं. साहेब येतील तेव्हा येतील, मी दारात बसतो.

बोका


शुक्रवार, ४ सप्टेंबर, दुपारचे दोन
ओढ्यापलीकडचं गोदाम

चि. बोक्यास,

तुझी आई जिवंत आहे. मी आहे. सगळे आहेत. मास्तरांच्या मांजरासकट. हे आधी लिहिते, बाकीचं सावकाश वाच.

काल दुपारी सुतार आला. चहा मागितला नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. दार बिजागऱ्यांतून काढलं, भिंतीला टेकवलं, रंधा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. मग चौकटीला काटकोन मोजायचा गुण्या लावला. म्हणाला, "बाई, दाराला मी काही करणार नाही. दार सरळ आहे. चौकट तिरकी झालीय." मी म्हटलं, "चौकट कशी तिरकी होईल? भिंतीत आहे ती." त्याने गुण्या माझ्या हातात दिला.

मग मी माझ्या जुन्या तराजूतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन काढलं, त्याला शिवणाचा दोरा बांधला, शिडी घेतली आणि खांबाच्या टोकाला अडकवून सोडलं. दोरा सरळ खाली आला. खांब आला नाही. खाली पोचेपर्यंत दोघांत माझ्या हाताची वीत मावली.

तुझी वही माझ्यासमोरच होती, बोक्या. सगळं तिच्यात होतं. माझ्याच अक्षरात, समासासकट. सुताराने मला धरून शिडीवरून उतरवलं.

भोंग्याची वाट बघणारी मी नाही. ताट आणि पळी घेतली आणि घरोघर गेले. कुणी म्हणालं, "ऑफिसकडून काही कळलं का?" कुणी म्हणालं, "सकाळी बघू." मी कुणाशी वाद घातला नाही. मी वाद घालत नाही हे बघून ते जास्त घाबरले असावेत. मास्तर आले, दोऱ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "परवानगीचं राहू दे, बाई. काय उचलू?"

तुझी आई म्हणाली, "मी नाही येत. मला खुर्चीत ठेवा, जे व्हायचं ते होईल." मी म्हटलं, "ताई, जन्मभर तू मोठी म्हणून तुझं ऐकलं. आज माझी पाळी." काढून ठेवलेलं दार आडवं केलं, तिला गादीसकट त्यावर ठेवलं, चादरीने बांधलं, आणि मास्तर, सुतार आणि आणखी दोघांनी उचललं. वाटभर ओरडत होती, "हळू! मी काय कपाट आहे?" ओढ्यात पाणी गुडघ्याला होतं. अंधार पडायच्या आत सगळे इथे पोचलो. आत्ता ती त्याच दारावर पडून माझ्या पत्राचं शुद्धलेखन बघतेय.

सकाळी दूधगाडी ओढ्याशीच थांबली, पुढे रस्त्याला भेग आहे. तुझं पत्र तिथे मिळालं. "आत्ता बाहेर पड" वाचलं, तेव्हा आम्ही पंधरा तास बाहेरच होतो. तू वर न येता बटनाकडे गेलास. बरं केलंस. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि मग जन्मभर झोपले नसते.

स्वतःला बोल लावू नकोस. पाना माझ्या हातात होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी भोंगा वाजला. मी घड्याळ बघितलं, सवयीने. सगळे गोदामाच्या दारात आलो. तो फार तर अर्धं मिनिट वाजला आणि मध्येच तुटला. मग आवाज आला, तो मी लिहू शकत नाही. धूळ खाली बसली तेव्हा आमच्या घराच्या जागी उतार होता. खांब नाही, परस नाही, मास्तरांचं अंगण नाही. सात घरं गेली.

तुझी आई आतून म्हणाली, "माझा गुडघ्याचा पट्टा राहिला कपाटात."

एकच विचारायचं आहे. बटन तू किती वाजता दाबलंस?

तुझी,
मावशी


शुक्रवार, ४ सप्टेंबर, संध्याकाळ

ती. मावशीस,

पत्र मिळालं. गाडीवाल्याने ते ऑफिसच्या दारात आणून दिलं. मी तिथेच फरशीवर बसलो आणि पहिली ओळ चार वेळा वाचली.

साहेब साडेदहाला आले. "रेघ सरळ आहे, उगाच घबराट कशाला" म्हणाले. मी तुझी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना ती कळायला दहा मिनिटं लागली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी स्वतः बटन दाबलं.

चाळीस मिनिटं, मावशी.

उद्या पहाटे दूधगाडीने येतो. आईला उचलायला स्ट्रेचर आणतोय, ते दार सांभाळून ठेव.

निघताना पडद्याकडे पाहिलं. खांब नाही, सळया नाहीत, उतार नाही. उताराची रेघ अजून सरळच चालली आहे.

तुझा,
बोका